खांबापाशीची जागा

परीक्षेचा हंगाम नगरला आधी हवेत येतो, मग वेळापत्रकात. फेब्रुवारी सरता सरता कडुनिंबाची पिवळी पानं अंगणभर घरंगळू लागतात, सकाळचा गारवा आठाच्या पुढे टिकत नाही आणि दुपारचा कोरडा वारा उघड्या वहीची पानं वाचून झाल्यासारखी उलटत जातो. एम.एस्सी.च्या शेवटच्या परीक्षेआधी अभ्यासाच्या सुट्टीसाठी मी पुण्याहून घरी आले आहे. टेबलावर पुस्तकांची चळत आहे आणि चळतीच्या कडेला दाबून ठेवलेलं एक निळं आंतर्देशीय पत्र. आठ दिवस ते तिथेच आहे. वारा त्याचा कोपरा हलवतो. मी हात लावत नाही.

पत्र वच्छीचं आहे. वच्छी माझी मामेबहीण, पाथर्डीकडच्या एका खेड्यातली, सध्या डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला. अक्षर गोल, ओळी सरळ. लिहिते : ‘आक्का, सराव पाठ चालू आहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी पोरींचा नाच बसवते आहे. गिरकी घेतली की पोरींना भोवळ येते. मॅडम त्यावर काही सांगायच्या का? तुला आठवत असेल, तू सगळं नीट समजून घ्यायचीस. माझ्या तर काही लक्षात नाही.’

तिच्या लक्षात नसणं स्वाभाविक आहे. ते तिला कधी सांगितलंच गेलं नव्हतं. सांगायचं काम माझ्याकडे होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्याची गोष्ट. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि वर्गात पहिली येण्याची मला इतकी सवय झाली होती, की त्यातला आनंद संपून केवळ धास्ती उरली होती. कॉलेजच्या फलकावर एक टंकलिखित कागद लागला. कॅम्पातल्या एका जुन्या हॉलमध्ये मुलींसाठी बॅले नृत्याचे वर्ग सुरू होत होते. शिकवणाऱ्या होत्या मिसेस थॉमस, एका रणगाडा अधिकाऱ्याच्या पत्नी, मूळच्या बंगलोरच्या. मला नृत्याची ओढ होती असं म्हणणं खोटं ठरेल. मला जे नगरात कुणी करत नव्हतं ते करायचं होतं. शिवाय एका जुन्या सचित्र मासिकात पायाच्या अंगठ्यावर तोललेल्या नर्तिकेचं छायाचित्र पाहून, तिचा सगळा भार एवढ्याशा बिंदूवर कसा पेलला जातो याची आकृती मी वहीत काढून ठेवली होती. सिद्धांत मला येत होता. प्रयोग तेवढा बाकी होता.

‘‘नाच? आपल्यात?’’ आई म्हणाली.

‘‘व्यायाम आहे तो,’’ वडील म्हणाले. ते हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत. कोणतीही गोष्ट व्यायाम किंवा प्रयोग ठरली की त्यांची हरकत संपे. ‘‘शास्त्रशुद्ध व्यायाम.’’

‘‘मग अंगणात करू दे की. त्यासाठी कॅम्पात कशाला जायला पाहिजे?’’ पण एवढं म्हणून आईने पदर खोचला, म्हणजे ती अर्धी वळली होती. ‘‘एकटी जायचं नाही. सोबत घेऊन जा.’’

सोबत म्हणजे वच्छी. तिच्या गावची शाळा वरच्या वर्गांपर्यंत नव्हती म्हणून जूनपासून ती अकरावीसाठी आमच्याकडे राहायला आली होती. माझ्याच खोलीत झोपायची, माझ्याच दिव्याखाली वाचायची, आणि गणिताच्या पुस्तकाकडे अनोळखी कुत्र्याकडे बघावं तशी दुरून बघायची. आमच्यात तीन वर्षांचं अंतर होतं, उंची मात्र जवळजवळ सारखी.

भिंगारच्या रस्त्याने आम्ही पायी जायचो. उजवीकडे लांबवर माळ, डोंगरावर चांदबिबीच्या महालाचा अष्टकोन, आणि त्या वर्षीची विलक्षण शांतता. कारण एरवी माळावर घरघरणाऱ्या रणगाड्यांच्या साखळ्या सीमेकडे गेल्या होत्या. वच्छी ओच्यात बोरं घेऊन चालायची आणि बिया नेम धरून दगडांवर मारायची. तिचा नेम चुकत नसे. हे मी त्या वेळी पाहिलं होतं, नोंदलं नव्हतं.

हॉलला लाकडी जमीन होती, इंग्रजांच्या काळातली, पावलागणिक एक खोल, पोकळ आवाज देणारी. खिडक्यांच्या काचांना डिसेंबरात ब्लॅकआउटसाठी तपकिरी कागद चिकटवले गेले आणि उजेड चहाच्या रंगाचा झाला. भिंतीला पडद्याची एक लांब सागवानी काठी कमरेच्या उंचीवर ठोकलेली. तिला धरून उभं राहायचं. कपाटाचा आरसा उतरवून समोर टेकवलेला. एका कोपऱ्यात ग्रामोफोन आणि त्याच्या शेजारी छताला आधार देणारा पांढरा खांब. वर्गात अधिकाऱ्यांच्या सात-आठ वर्षांच्या सहा मुली, आणि त्यांच्या रांगेच्या शेवटी, मेंढरांत उंट शिरावा तशी, मी.

जोडे माझे मी शिवून घेतले होते. कापड बाजाराच्या मागे बसणारे एक चाचा होते, त्यांना मी कागदावर आकृती काढून दाखवली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. ‘‘तळ नको म्हणतेस, टाच नको म्हणतेस. मग याला जोडा कशाला म्हणायचं बेटी? पायमोजा म्हण की.’’ चपलेच्या चामड्याचे ते तपकिरी जोडे पहिल्या दिवशी करकर वाजत होते आणि छोट्या मुली तोंडावर हात धरून हसत होत्या.

वच्छी बाकावर आमच्या चपला सांभाळत बसे. तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी अचानक मोजणं थांबवलं आणि बाकाखाली बोट दाखवलं. चपलांच्या जोडांमागे वच्छीची अनवाणी पावलं होती. टाचेला टाच, चवडे बाहेर, अगदी आम्हाला सांगितलेल्या रीतीने. ती बसल्या बसल्या सगळं करत होती, बोरं खात.

‘‘ती कोण?’’ मॅडमनी इंग्रजीत विचारलं.

‘‘ती फक्त माझी सोबत आहे,’’ मी इंग्रजीतच उत्तर दिलं.

‘‘सोबतीलाही पाय असतात,’’ मॅडम म्हणाल्या आणि तिला उठवलं.

मत्सर ही भावना लोक डोळ्यांत असते असं मानतात. माझा अनुभव निराळा आहे. ती कानशिलांच्या मागे सुरू होते, उष्णतेच्या एका पातळ थरासारखी, आणि मग हळूहळू जबड्यात उतरते. त्या दिवशी वच्छीने काठी धरली, एक पाय मागे उचलला, आणि मॅडम दोन पावलं मागे सरून नुसत्या बघत राहिल्या. माझ्याकडे बघताना त्या नेहमी जवळ येत. खांदा खाली दाबत, गुडघा सरळ करत. दुरुस्त करायचं असतं तिथे माणूस जवळ जातो. बघत राहायचं असतं तिथे मागे सरतो. हे अंतर मी त्या दिवशीपासून मोजू लागले.

मी आणखीही मोजू लागले. एका रविवारी, वच्छी ओसरीत पाय पसरून बसली असताना, मी कंपासपेटीतला कर्कटक आणि पट्टी घेऊन तिच्या पावलाच्या कमानीची उंची घेतली, नंतर माझ्या. फरक थोडाच होता, पण तो तिच्या बाजूने होता. वच्छी हसून लोळायची बाकी राहिली.

‘‘आत्या, बघा ओ! आक्का माझं पाय मोजती! घोडेगावच्या बाजारात न्हेती का काय मला? दात बी बघून घे की आक्का, वय कळंल!’’

आई हसली. मीही हसले. मापं मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली. ते पान अजून आहे.

मॅडमनी आम्हा दोघींना गिरकी शिकवायला घेतली, कारण छोट्या मुलींचे घोटे अजून तयार नव्हते. एका पायावर उभं राहायचं, दुसरा गुडघ्याशी टेकवायचा, आणि स्वतःभोवती एक पूर्ण वर्तुळ. मी पहिल्याच प्रयत्नात पाठीवर पडले. दुसऱ्यातही. पाचव्या वेळी मॅडम माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि अतिशय कुतूहलाने म्हणाल्या, ‘‘प्रभा, तू कुणाला धरून ठेवलंयस?’’

मला तत्काळ समजलं. मी मागे रेलत होते. लहानपणापासून माझ्या शरीराला फिरण्याचा एकच प्रकार माहीत होता, फुगडी. आणि फुगडीत मागे रेलायचं असतं. पंचमीला मामाच्या गावी, देवळापुढच्या पटांगणात मी आणि वच्छी फुगडी घालायचो. हातांची घट्ट अढी, पायाला पाय भिडवलेला, डोकी मागे, वेण्या हवेत. आमची जोडी कुणाला हरत नसे. बायका ‘‘सुटली, सुटली’’ म्हणून ओरडत आणि आम्ही सुटत नसू. दोघी मागे रेलतात, दोघींचा भार एकमेकींच्या हातांत असतो, आणि सगळी फिरकी ज्या अक्षाभोवती चालते तो दोघींच्या मधल्या रिकाम्या जागेत असतो. बॅलेत तो अक्ष एकटीच्या कण्यातून जातो. मी हे कागदावर दोन रेघांत सिद्ध करू शकत होते. माझी पाठ मात्र अजून पंचमीच्या पटांगणात होती, आणि समोरचे हात नव्हते.

वच्छी रेलत नव्हती. तिची अडचण वेगळी होती. दोन गिरक्या झाल्या की तिचे डोळे भरकटत, चेहरा पांढरा पडे आणि ती काठीचा आधार शोधे. मॅडमचं हिंदी मोडकं, वच्छीचं त्याहून. त्यामुळे दुभाषी मी. मॅडम मला म्हणाल्या, ‘‘तिला सांग, नजर एका जागी रोवून ठेव. अंग आधी फिरू दे, डोकं सगळ्यात शेवटी. आणि फिरून आलं की पुन्हा तीच जागा शोध.’’

मी वच्छीकडे वळले. ती घामेजलेली, धापा टाकत, माझ्या तोंडाकडे बघत होती.

‘‘म्हणतात,’’ मी म्हणाले, ‘‘हात छातीशी आवळून घे.’’

यात असत्य काही नव्हतं. तशी सूचना मॅडमनी आदल्या आठवड्यात दिलीच होती. पण हात आत घेतले की फिरण्याचा वेग वाढतो, हा पदार्थविज्ञानाचा साधा नियम आहे आणि त्या नियमावर मला पैकीच्या पैकी गुण होते. वच्छीने हात आवळले. वेग वाढला. भोवळही वाढली. पुढच्या वर्गांत मॅडमनी तेच वाक्य मला पुन्हा तीनदा सांगितलं आणि मी तीनदा दुसरंच काहीतरी पोहोचवलं; मान ताठ ठेव, श्वास रोखू नकोस, घोटा घट्ट. प्रत्येक सूचना बरोबर होती. एक जाणूनबुजून गाळायची असेल तर बाकीच्या बरोबर द्याव्या लागतात.

त्याच दिवसांत एकदा वर्ग चालू असताना तारवाला दारात आला. लढाई ऐन भरात होती. तारेचा अर्थ काय असू शकतो हे छोट्या मुलींनाही ठाऊक होतं. मॅडम आकडे मोजत होत्या. त्या चारावर होत्या. पाच, सहा, सात, आठ, त्यांनी पूर्ण मोजलं. त्या सबंध वेळात त्यांची नजर पांढऱ्या खांबावर होती. मग जाऊन तार उघडली. कुशल होतं. त्यांनी ती घडी करून ग्रामोफोनखाली ठेवली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. नजर रोवण्याचं ते वाक्य त्यांना कुठून येत होतं हे मी प्रत्यक्ष पाहिलं. आणि तरी ते पुढे दिलं नाही.

एका संध्याकाळी घरी येताच वच्छीने अंगणात पेरूच्या झाडाखाली ओकारी काढली. आईने तिला पाटावर बसवलं. ‘‘पोरगी गुणाची, नजर लागणारच,’’ म्हणत मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन ती ओवाळू लागली. ‘‘येणाऱ्याची, जाणाऱ्याची, घरच्याची, दारच्याची...’’ मी उंबऱ्यात पुस्तक घेऊन उभी होते. ‘घरच्याची’ला माझी मान वर झाली. आईने मूठ चुलीत टाकली. मोहऱ्या तडतडल्या, पण मिरच्यांचा ठसका कुणालाच लागला नाही. ‘‘बघा, केवढी लागली होती,’’ आई समाधानाने म्हणाली. विज्ञानाच्या विद्यार्थिनीला दृष्टीवर विश्वास ठेवता येत नाही. मला त्या संध्याकाळी ठेवता आला असता तर बरं झालं असतं; निदान मिरच्यांनी ती उतरली आहे असं मानता आलं असतं.

जानेवारीत मॅडमनी बंगलोरहून आणलेले स्वतःचे जुने जोडे वच्छीला दिले. फिकट गुलाबी, टोकाला झिजलेले. ते तिला बेताचे बसले. तपकिरी जोड्यांतल्या माझ्या पायांकडे मी त्या दिवशी पाहिलं नाही.

आणि मग, संक्रांत उलटून गेल्यावर एका दुपारी, वच्छीने सलग चार गिरक्या घेतल्या. स्वच्छ, उभ्या, भोवळीचा मागमूस नाही. तिचं डोकं क्षणभर मागे राहत होतं आणि मग झटक्याने जागेवर येत होतं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, पण माझ्याकडे बघून. ‘‘प्रभा! शेवटी तू तिला नीट समजावलंस!’’ मी ते श्रेय नाकारलं नाही.

घरी जाताना मी विचारलं, ‘‘कसं जमलं गं?’’

‘‘त्यात काय? फुगडीत बघतो का न्हाई, तसं बघितलं.’’ तिने एक बी दगडावर मारली. ‘‘फुगडीत समदं फिरतं, देऊळ फिरतं, बाया फिरत्यात. पन जोडीदारनीचं तोंड फिरत न्हाई. त्याच्याकडं बघत ऱ्हायलं की गरगरत न्हाई. तू खांबापाशी हुतीस. मी तुझ्या तोंडाकडं बघितलं.’’

माझ्या पायांखाली रस्ता होता आणि मी चालत होते, एवढंच आठवतं. सापेक्ष गतीचं सबंध प्रकरण मी तोंडपाठ केलं होतं. दोघी एकत्र फिरत असल्या की एकीच्या दृष्टीने दुसरी स्थिर असते. उदाहरणादाखल आगगाडी, नाव, पृथ्वी. फुगडी माझ्या ध्यानात आली नव्हती. त्या एकाच खेळातून मी रेलणं उचललं होतं आणि तिने नजर. आणि ज्या चेहऱ्याने तिच्यापासून ते वाक्य दीड महिना लपवलं, त्याच चेहऱ्यात तिला ते सापडलं. अपराधीपण मला त्या दिवशी वाटायला हवं होतं. मला वाटला तो संताप. माझीच वस्तू माझ्याच मदतीने चोरली गेल्यासारखा.

मार्चच्या सुरुवातीला परतलेल्या अधिकाऱ्यांसाठी हॉलमध्ये छोटा कार्यक्रम ठरला. शेवटी वच्छीच्या एकटीच्या आठ गिरक्या. मला ग्रामोफोन सांभाळायला दिला. ‘‘यंत्र तुलाच कळतं,’’ मॅडम म्हणाल्या, प्रेमाने. तेच अधिक लागलं.

‘‘आक्का,’’ पडद्यामागे वच्छी माझा हात धरून म्हणाली. ‘‘सुई टेकवली की खांबापाशीच उभी ऱ्हाय बरं का. हलू नको. आठ हायत.’’

‘‘उभी राहीन,’’ मी म्हणाले.

मी सुई टेकवली. खरखर, मग पियानो. वच्छी मधोमध आली. पांढरं साधं झंपर, चुडीदार, गुलाबी जोडे. पुढच्या रांगेत मिस्टर थॉमस बसले होते, एक हात गळ्यात बांधलेला. पहिली गिरकी. तिचा चेहरा वळून आला आणि डोळे नेमके माझ्या डोळ्यांत बसले. दुसरी. पुन्हा. एवढ्या लोकांत ती फक्त माझ्याकडे बघत होती, आणि एवढे लोक फक्त तिच्याकडे. तिसरी. त्या क्षणी कानशिलांमागची ती उष्णता अशी काही उसळली, की मी दोन पावलं मागे सरले. खांबाच्या आड. दोनच पावलं, मी ती मोजून टाकली.

चौथ्या गिरकीनंतर वच्छीचा चेहरा वळून आला आणि तिच्या डोळ्यांना तिथे कुणी सापडलं नाही. मी खांबाच्या कडेने ते पाहिलं. पाचवीला तिचा वर घेतलेला पाय जमिनीवर आला. तिने हात पसरले, झोक सावरला, वाकून नमस्कार केला, जणू तेवढंच ठरलं होतं. टाळ्या झाल्या, कुणाला काही कळलं नाही. मॅडम मात्र आधी वच्छीकडे बघत होत्या आणि मग बराच वेळ खांबाकडे.

कपडे बदलून परतताना वच्छी ओच्यातली बोरं नुसती चाळवत होती. भिंगारची घरं मागे पडल्यावर ती म्हणाली, ‘‘आक्का, गर्दीत कुनी ढकललं का गं तुला?’’

‘‘हो,’’ मी म्हणाले.

‘‘मला वाटलंच,’’ ती म्हणाली, आणि ओच्यातली बोरं माझ्यापुढे केली.

त्यानंतर आम्ही दोघी परीक्षांना बसलो. ती गणितातही पास झाली. मी विद्यापीठात वरच्या क्रमांकाने आले. थॉमस पतिपत्नींची बदली झाली, हॉलला कुलूप लागलं. मी पुण्याच्या वसतिगृहात एकदोनदा खोलीचं दार लावून गिरकी घेऊन पाहिली आहे. मी अजून मागेच रेलते.

आज पुन्हा पत्र उघडलं. तिच्या गावाकडच्या शाळेतल्या त्या पोरी कशा दिसत असतील, याचा विचार करत होते. त्यांची वाटेल तेवढी भोवळ मला पाहवली असती. मला पाहवत नव्हतं ते हे, की भोवळ जाण्यासाठी त्या आता वच्छीच्या तोंडाकडे बघत राहतील, आणि ती जागची हलणार नाही. हाही मत्सरच आहे. तो गेलेला नाही. मी त्याला फक्त आता नावाने ओळखते.

चुलीशेजारून आईने हाक मारली, ‘‘वच्छीला उत्तर लिहिलंस का गं? पोर वाट बघत असेल.’’

मी कोरं आंतर्देशीय घेतलं. मॅडमचं वाक्य अक्षरशः उतरवलं : नजर एका जागी रोवून ठेव. अंग आधी फिरू दे, डोकं सगळ्यात शेवटी. आणि फिरून आलं की पुन्हा तीच जागा शोध. खाली लिहिलं, की हे त्यांनी तुझ्यासाठी मला चार वेळा सांगितलं होतं.

मग बरीच जागा उरली. परीक्षा, हवा, आईची तब्येत, काहीही लिहून ती भरता आली असती. वारा पुन्हा कडुनिंबाची पानं आत घेऊन आला. मी पान हाताने दाबून धरलं आणि त्या उरलेल्या जागेत एकच ओळ लिहिली :

वच्छे, त्या दिवशी मला कुणी ढकललं नव्हतं.